पोती पुरण्याआधी : उत्खननं करणाऱ्या आणि खापरांची कोठारं सांभाळणाऱ्या सर्वांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

हे पत्र कुणा एका कार्यालयाला लिहिलेलं नाही. उत्खननाचे परवाने घेणारे संचालक, अहवाल लिहिणारे अभ्यासक, विद्यापीठांतले विभागप्रमुख, संग्रहालयांचे अभिरक्षक आणि ज्यांच्याकडे कोठारांच्या किल्ल्या आहेत ते सगळे, अशा तुम्हा सर्वांना उद्देशून मी लिहिते आहे. जाहीरपणे लिहिते, कारण जे चाललं आहे ते बंद दाराआड चाललं आहे. आणि ज्या वस्तूंच्या बाबतीत चाललं आहे त्या ना तुमच्या मालकीच्या, ना माझ्या.

मी खापरांची रेखाटनं करते. उत्खननाच्या जागी एका बाजूला ताडपत्री बांधून खापरं धुण्याची, वाळवण्याची, त्यांच्यावर नंबर टाकण्याची जी जागा असते, जिला आम्ही पॉटरी यार्ड म्हणतो, तिथे माझ्या आयुष्यातलं बरंचसं काम झालं. किनाऱ्याजवळच्या एका जुन्या बंदराच्या स्थळावरून आलेली खापरं एका कोठारात कित्येक वर्षं पडून होती. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर तिथे जागा मोकळी करायचं ठरलं. काठ, बूड, कान आणि नक्षी असलेले तुकडे बाजूला काढायचे आणि बाकीची साधी, जाड, ‘निरुपयोगी’ खापरं पोत्यांत भरून मागच्या आवारात खड्डा खणून पुरून टाकायची, असा निर्णय झाला. माझ्या कानावर आलं तेव्हा निम्मं काम उरकलं होतं. पोत्यांवर खापरं उत्खननाच्या कुठल्या खड्ड्यातली आणि कुठल्या थरातली हे सांगणारे कागदी टॅग होते, त्यातले बरेच आधीच वाळवीने खाल्लेले. म्हणजे उद्या ती पोती कुणी उकरून काढली तरी कुठलं खापर कुठल्या थरातलं हे आता कधीच कळणार नाही.

त्या ठिकाणाचं नाव मी मुद्दाम देत नाही. एका जागेवर बोट ठेवलं की बाकीचे सुटतात, आणि ही रीत एका जागेपुरती नाही. यार्डात काम केलेल्या कुणालाही विचारा, तो अशी एखादी जागा सांगेल.

पुरलेल्या ढिगात मुख्यतः काय होतं ते सांगते. साठवणीच्या मोठ्या भांड्यांच्या पोटाचे तुकडे. आपल्याकडचे रांजण आणि कुंभ तर होतेच, शिवाय समुद्रापलीकडून आलेली निमुळत्या बुडाची भांडी होती. मोठ्या भांड्याचं तोंड लहान आणि अंग प्रचंड असतं. ते फुटलं की काठाचे दोन-चार तुकडे होतात, बाकीचा सगळा ढीग पोटाचा. आपण फक्त काठ मोजले, काठ ठेवले आणि काठच रेखाटले की रांजण हिशेबातून जवळजवळ नाहीसा होतो आणि वाट्या-थाळ्या तेवढ्या उरतात. ज्या बंदरात माल उतरत होता तिथे मालाची भांडी थोडी आणि जेवणाची जास्त, असं चित्र मग अहवालात उमटतं. ते आपल्याच छाटणीने तयार केलेलं असतं.

समुद्रावरून जे आलं-गेलं त्यातलं टिकतं काय? मिरी वापरली गेली, दारू पिऊन संपली, कापड कुजलं, धान्याला कीड लागली. नाणी टिकतात, पण ती वितळवली जातात, माळेत ओवली जातात, पिढ्यान्‌पिढ्या हातोहात फिरतात. कुठल्या गलबतातून कुठल्या धक्क्यावर उतरली हे ती सांगू शकत नाहीत. साठवणीचं भांडं बोजड आणि स्वस्त. आतला माल संपल्यावर ते फार लांब नेण्यात कुणाला रस नसतो. बहुतेकदा ते रितं होतं त्याच परिसरात फुटतं आणि मातीखाली दोन हजार वर्षं तसंच राहतं. ते वितळत नाही, सडत नाही, चोराला त्याचा मोह पडत नाही. व्यापाराचा इतका सरळ साक्षीदार दुसरा नाही.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेला पेरिप्लस, म्हणजे समुद्रमार्ग, बंदरं आणि तिथला माल यांचं वर्णन करणारा ग्रंथ, आपण सगळेच उद्धृत करतो. भडोचला येणाऱ्या मालाच्या यादीत त्यात दारू आहे : मुख्यतः इटलीची, शिवाय लाओदिकियाची आणि अरबस्तानची. त्यात सोपारा आहे, कल्याण आहे, चौल मानलं जाणारं सेमुल्ल आहे, घाटावरची पैठण आणि तगर म्हणजे तेर आहेत. हे वाचून अभिमान वाटतो. पण यादी ती यादीच. ती दारू खरंच किती आली, घाट चढून कुठवर गेली, कुणाच्या वाड्यात उघडली गेली, हे पेरिप्लस सांगत नाही. ते अँफोरांची, म्हणजे दारू-तेल वाहून नेण्याच्या दोन कानांच्या, निमुळत्या बुडाच्या रोमन भांड्यांची, खापरं सांगतात. प्रवरेकाठच्या नेवाशात १९५४-५६ मध्ये पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांनी उत्खनन केलं, त्याच्या १९६० च्या अहवालात या खापरांची नोंद आहे. नेवासा कुठे आणि समुद्र कुठे! बैलाच्या पाठीवर किंवा माणसाच्या डोक्यावर ते ओझं सह्याद्री चढून आलं, याचा पुरावा काही तुकड्यांत आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट या गावच्या यवनांनी, म्हणजे त्या काळच्या भाषेत ग्रीक किंवा पश्चिमेकडच्या लोकांनी, खांब दान दिल्याचे लेख आहेत. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी म्हणजे टाकी दिल्याचा लेख आहे. नाणेघाटात जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आजही उभा आहे. दाते कोण होते ते लेख सांगतात, वाट कुठली होती ते घाट सांगतो. त्या वाटेवरून रोज काय जात होतं हे सांगणारी वस्तू मात्र तुम्ही पोत्यात भरता.

माझी पहिली आणि सगळ्यांत मोठी तक्रार हीच आहे, आणि तिच्यामागे नुसती हळहळ नाही. एक घडलेली गोष्ट आहे. १९४५ मध्ये पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी पुद्दुचेरीजवळच्या अरिकमेडूला उत्खनन केलं तेव्हापासून भारतात निमुळत्या बुडाचं किंवा जाड अंगाचं परदेशी वाटणारं भांडं दिसलं की त्यावर ‘रोमन अँफोरा’ अशी चिठ्ठी लागू लागली. अनेक दशकं लागत राहिली. पुढे प्राचीन मातीच्या भांड्यांच्या अभ्यासक रॉबर्टा टॉम्बर यांनी ठिकठिकाणच्या कोठारांत जाऊन ती खापरं पुन्हा हातात घेतली, मातीचा पोत पाहिला, आतली बाजू पाहिली. त्यांतली बरीच खापरं रोमन नव्हतीच. ती मेसोपोटेमिया आणि इराणी आखाताकडून आलेली, आज ज्यांना टॉर्पेडो जार म्हणतात ती भांडी होती. २००७ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. घारापुरीसारख्या आपल्या दाराशी असलेल्या बेटावरची खापरंही त्या यादीत आली. एका चिठ्ठीने भारताच्या पश्चिम किनाऱ्याचा इतिहास रोमपाशी थांबवला होता, तो इराणच्या ससानी राजवटीच्या काळातून सुरुवातीच्या इस्लामी काळापर्यंत पुढे सरकला. समोरचा किनाराच बदलला.

हे शक्य झालं कारण कुणीतरी ती खापरं ठेवली होती. चुकीच्या चिठ्ठीसकट ठेवली होती, पण ठेवली होती. चिठ्ठी चुकली तर दुरुस्त करता येते. पुरलेल्या पोत्याची फेरतपासणी होत नाही.

आणि ओळख पटवायला काठच हवा, हा समज आता सोडायला हवा. दोन खापरं शेजारी ठेवून बघा. इटलीतल्या कॅम्पानिया भागातल्या दारूच्या अँफोराचं पोटाचं खापर ताजं मोडलं की कडेला बारीक काळे, चमकणारे कण दाट दिसतात. ती व्हेसुव्हियसच्या परिसरातली ज्वालामुखीची वाळू. साधं भिंग पुरतं. शेजारी टॉर्पेडो जारचा तुकडा ठेवा. माती फिकट, पिवळसर झाक असलेली, हाताला वाळूसारखी लागणारी. या भांड्याला कान नसतात, अंग लांबट आणि खाली निमुळतं होत जाणारं. तुकडा उलटा केला की आतून काळाभोर डांबराचा थर. कुठे तो तडकून त्याचे पोपडे झालेले असतात, कुठे चकचकीत राहिलेला असतो, आणि काही तुकड्यांवर डांबराचे ओघळ गोठलेले असतात. खापर नीट उभं धरलं की ओघळ कुठल्या दिशेला उतरले ते कळतं, आणि डांबर फासल्यावर भांडं सरळ ठेवलं होतं की उलटं, याचा अंदाज करता येतो. हे सगळं अशा तुकड्यात, ज्याला ना काठ आहे, ना बूड, ना नक्षी. आमच्या यार्डातल्या बायका त्याला डांबरी म्हणतात आणि चिखलाने माखलेल्या ढिगातूनही नुसत्या वजनावरून आणि स्पर्शावरून ते बाजूला काढतात. त्यांची नावं कुठल्याही अहवालात मी अजून छापलेली पाहिलेली नाहीत. हीसुद्धा एक तक्रार म्हणून नोंदवा.

त्या डांबरात आणखी पुढची माहिती असते. रासायनिक विश्लेषण करून ते कुठल्या नैसर्गिक साठ्यातून आलं हे शोधता येतं. थायलंडमध्ये २०१३ साली कोळंबी वाढवण्याच्या तळ्याच्या जागी फनोम-सुरिन नावाने ओळखलं जाणारं, दोरीने फळ्या शिवलेलं जुनं जहाज सापडलं. त्यातल्या टॉर्पेडो जारच्या डांबराचा असा अभ्यास झाला आणि माग इराणकडे निघाला. त्याच जहाजात दक्षिण चीनमधली साठवणीची मोठी भांडी होती, त्या भागातली स्थानिक भांडी होती, आणि एका टॉर्पेडो जारवर पहलवी या जुन्या इराणी लिपीत कोरलेला लेख होता. एका जहाजाच्या पोटात आशियाच्या दोन्ही टोकांचे कुंभार शेजारी शेजारी बसलेले. त्या जहाजाच्या वाटेवर मधोमध कोण आहे? आपला किनारा आहे. गुजरातमधल्या संजाणच्या उत्खननातही टॉर्पेडो जार मिळाले, पश्चिम आशियातली झिलईची भांडी मिळाली, चिनी भांडी मिळाली. पारशी समाजाच्या आगमनाची परंपरागत कथा ज्या गावाशी जोडलेली आहे, तिथल्या मातीत ही भांडी निघतात. कथेतलं काय खरं, काय नाही, हा वेगळा वाद. पण त्या काळात आखाताकडची गलबतं तिथे लागत होती याला हा हाताने चाचपता येणारा पुरावा आहे.

दुसरी तक्रार धुण्याबद्दल आहे. आपल्याकडे खापर आलं की बादलीत पडतं आणि ब्रशने घासलं जातं, आतून-बाहेरून. दारूच्या अँफोरांना आतून राळेचा लेप असायचा. भाजलेल्या मातीच्या छिद्रांत तेलाचे, दारूचे अंश शोषलेले असतात आणि आज प्रयोगशाळेत ते ओळखता येतात. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरुन इथे बुडालेल्या, इसवी सनपूर्व चौदाव्या शतकाच्या अखेरच्या जहाजातून दीडशेच्या आसपास कनानी, म्हणजे भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याकडचे, रांजण निघाले. बऱ्याच रांजणांत झाडाची राळ होती, काहींत ऑलिव्ह, एकात तर काचेचे मणी भरलेले. तीन हजारांहून जास्त वर्षं समुद्राच्या तळाशी राहूनही आतलं काय होतं ते कळलं, कारण भांड्याच्या आतल्या बाजूलाही तितकंच महत्त्व दिलं गेलं. आपण कोरड्या जमिनीतून काढलेलं खापर पहिल्याच संध्याकाळी घासून लख्ख करतो. निदान प्रत्येक थरातली काही खापरं न धुता, हात न लावता बाजूला ठेवायला काय लागतं? थोडी फॉइल आणि एक सूचना.

तिसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या भांड्यांची आहे, आणि ती मला सगळ्यांत जास्त लागते. समुद्रव्यापार म्हटलं की आपण आपल्याकडे काय आलं तेवढंच शोधतो. आपल्याकडून गेलेले रांजणही तितकेच बोलतात. इजिप्तमध्ये तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात, सेरापिस या देवाच्या देवळाच्या अंगणात जमिनीत बसवलेला भारतीय घडणीचा एक मोठा रांजण सापडला, पहिल्या शतकातला. त्यात ७.५५ किलो काळी मिरी होती. साधा, जाड, नक्षी नसलेला रांजण. त्याच समुद्रावरच्या कुसैर अल-कदीम इथे साठवणीच्या भांड्याच्या तुकड्यावर तमिळ-ब्राह्मीत कोरलेला लेख मिळाला. प्राचीन लिपींचे अभ्यासक इरावतम महादेवन यांनी तो वाचला तेव्हा दोरीच्या शिंक्यात टांगायच्या भांड्याचा तो उल्लेख निघाला. त्याहून दोन हजार वर्षं मागे जा. ओमानच्या टोकाला रास अल-जिन्झ इथे सिंधू संस्कृतीचे काळा लेप दिलेले रांजण सापडले, काहींवर सिंधू लिपीतली चिन्हं कोरलेली. मातीच्या परीक्षणावरून ते सिंधू खोऱ्यातच घडवले गेले हे ठरलं. त्याच जागी नावांच्या तळाला लावलेल्या डांबराचे तुकडे मिळाले : एका बाजूला बोरू आणि दोरीचे ठसे, दुसऱ्या बाजूला समुद्रात चिकटलेले शंखजीव.

हे शोध कुणी लावले? परक्या देशातल्या जाड्याभरड्या खापरांनाही जपून ठेवणाऱ्या चमूंनी. आणि त्यांना एखादं भारतीय वाटणारं खापर मिळतं तेव्हा ते कोकणातलं, गुजरातेतलं की कोरोमंडलचं हे ठरवायला तुलनेचा संच कुठे आहे? ब्रिटनमध्ये रोमन काळातल्या मातीच्या पोतांचा राष्ट्रीय तुलनासंच १९९८ साली छापून झाला, आणि तो करणाऱ्या दोघांपैकी एक याच टॉम्बर होत्या. रोमन अँफोरांची सचित्र माहिती २००५ पासून संगणकावर कुणालाही मोफत बघता येते. आपल्याकडे असा संच असेल तर तो कुणा प्राध्यापकांच्या कपाटात असतो, आणि ते निवृत्त झाले की कपाटाला कुलूप लागतं. रत्नागिरीच्या किंवा पालघरच्या विद्यार्थ्याला स्वतःच्या गावच्या खाडीकाठी मिळालेल्या खापराशी ताडून बघायला काहीही हाताशी नाही.

अहवालांबद्दल फार लिहीत नाही. त्यांना किती उशीर होतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. फक्त एवढंच म्हणते, की अहवाल येईपर्यंत खापरं ठेवायची नाहीत आणि खापरं गेल्यावर अहवाल लिहायचा, हा क्रम कुठल्याच शास्त्रात बसत नाही.

चौथी तक्रार घाईच्या घोषणांची. दोन-तीन तुकडे हाती आले की दुसऱ्या दिवशी ‘रोमन वसाहत सापडली’ अशी बातमी येते. अँफोरा सापडला म्हणजे रोमन माणूस तिथे राहत होता असं होत नाही. भांडं अनेक हातांतून जातं, रिकामं झाल्यावर पाणी भरायलाही वापरलं जातं. दक्षिण भारतात स्थानिक कुंभारांनी घडवलेली निमुळत्या बुडाची भांडीही काही काळ परदेशी म्हणून नोंदली गेली होती. पुढे ती स्थानिक ठरली, पण दुरुस्तीची बातमी कधीच छापून येत नाही. लोकांच्या मनात पहिली बातमीच राहते. इथल्या कुंभाराने परक्या भांड्याचा घाट पाहून स्वतःच्या मातीत तसं भांडं केलं असेल, तर दोन संस्कृतींच्या भेटीचा तो खरा जिवंत पुरावा आहे. ‘रोमन’ शिक्क्याच्या हव्यासापायी आपण त्या कुंभारालाच पुसून टाकतो.

आणि प्रदर्शनं. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीला सापडलेली कांस्याची पोसायडनची मूर्ती सुंदर आहे, ती काचेत आहे हे योग्यच आहे. पण अशी एक मूर्ती कुणा एकाच्या हौसेनेही येऊ शकते. रोजचा, नेहमीचा, वर्षानुवर्षांचा व्यवहार मूर्ती सांगत नाही, तो साठवणीच्या भांड्यांचा ढीग सांगतो. रोममध्ये मोन्ते तेस्ताच्चो नावाची टेकडी आहे, सुमारे ३५ मीटर उंचीची, आणि ती मुख्यतः तेलाच्या फुटक्या अँफोरांची बनलेली आहे. १८७२ पासून हाइनरिख ड्रेसेल हा जर्मन अभ्यासक त्या फुटक्या तुकड्यांवरचे शिक्के आणि रंगाने लिहिलेली वजनं, व्यापाऱ्यांची नावं वाचत बसला. अँफोरांच्या वर्गीकरणाला आज जगभर त्याचं नाव आहे. तो शहराचा उकिरडा होता आणि आज प्राचीन अर्थव्यवस्थेचं दप्तर म्हणून तो वाचला जातो. आपल्या संग्रहालयांत एका टेबलावर पंचवीस-तीस खापरं हाताळायला ठेवा, शेजारी भिंग ठेवा. शाळेतली मुलं मूर्तीपेक्षा तिथे जास्त वेळ उभी राहतील.

जागेची अडचण खोटी नाही. मी ती कोठारं आतून पाहिली आहेत : गळकी छपरं, एकावर एक रचलेल्या लोखंडी पेट्या, तळाची पेटी गंजून फुटलेली. तिथे एकटा कर्मचारी काम करतो, आणि त्याच्याकडे खापरांबरोबर तिकीटखिडकीही असते. त्याच्यावर माझा राग नाही. सगळं खापर जन्मभर ठेवा असंही मी म्हणत नाही. छाटणी जगभर होते, पण ती नोंदीनंतर होते आणि ज्याला खापर कळतं त्याच्या डोळ्यांखाली होते. आपल्याकडे ती पावसाळ्यापूर्वीच्या साफसफाईत होते.

म्हणून माझ्या मागण्या सरळ लिहिते.

सध्या जिथे जिथे खापरांची विल्हेवाट सुरू आहे किंवा ठरलेली आहे, तिथे ती ताबडतोब थांबवा आणि आजवर काय पुरलं, कधी, कुठे, याची यादी जाहीर करा.

यापुढे कुठल्याही स्थळाची खापरं कमी करण्यापूर्वी प्रत्येक थराची खापरं मोजली जावीत आणि त्यांचं वजन केलं जावं, पोटाच्या तुकड्यांसकट. नुसती संख्या फसवते, कारण एकच रांजण दहा तुकड्यांतही फुटतो आणि दोनशेंतही. वजन जोडीला असेल तर तुलना करता येते. छायाचित्रं काढली जावीत, मातीच्या प्रत्येक पोताचा नमुना राखला जावा. आतून डांबर, राळ किंवा कुठलाही लेप असलेलं, परदेशी असण्याची शंका असलेलं आणि कोरलेली खूण असलेलं एकही खापर टाकलं जाऊ नये, मग ते कितीही लहान असो. जे परत मातीत ठेवायचं ते ठरलेल्या जागी, न कुजणाऱ्या टॅगसह, नकाशावर नोंदवून ठेवा, म्हणजे पुढच्या पिढीला ते पुन्हा काढता येईल.

किनाऱ्यावरच्या आणि घाटमार्गांवरच्या सगळ्या जुन्या उत्खननांतल्या ‘रोमन अँफोरा’ चिठ्ठीच्या पेट्या पुन्हा उघडा. विद्यार्थ्यांचा एक गट आणि एक जाणकार एवढ्यावर हे काम सुरू होऊ शकतं. जुनी चिठ्ठी फाडू नका. तिच्या शेजारी नवी लावा, तारीख आणि नावासह.

पश्चिम किनाऱ्याच्या भांड्यांच्या पोतांचा तुलनासंच तयार करा आणि तो विद्यार्थ्यांना, गावातल्या हौशी अभ्यासकांना, परदेशी संशोधकांना सारखाच खुला ठेवा. त्याची छायाचित्रं आणि वर्णनं मराठीतही द्या.

पूर्ण अहवाल लांबणार असेल तर निदान खापरांचे तक्ते आधी प्रसिद्ध करा.

उत्खननाच्या अंदाजपत्रकात खापरांच्या जाणकाराचं मानधन आणि न धुतलेल्या नमुन्यांच्या तपासणीचा खर्च पहिल्या दिवसापासून धरा. आणि यार्डात खापरं धुणाऱ्या, निवडणाऱ्या बायकांची नावं अहवालात छापा, जशी खोदकामाच्या प्रमुखांची छापता तशी.

यातली पहिली मागणी पैशांशिवाय, जागेशिवाय, आजच पूर्ण करता येते. त्यासाठी एक लेखी आदेश पुरतो. तो निघाला की त्याची प्रत त्या कोठारांच्या दारावर लावा. उरलेली पोती निवडायला, टॅग लिहायला आणि रेखाटनं करायला मी आणि माझ्याबरोबर काम केलेल्या बायका विनामोबदला यायला तयार आहोत. कुठे आणि कधी यायचं तेवढं कळवा.

आपली,
पॉटरी यार्डात काम करणारी एक रेखाटनकार